उणे तीस अंशांचं फरीदाबाद

फरीदाबादच्या सेक्टर १३ मध्ये इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र आहे. १९७२ पासून आहे. तेलाच्या प्रयोगशाळा जे करतात ते तिथे चालतं. तेलाचा दाटपणा चाळीस अंशांना किती आणि शंभर अंशांना किती हे मोजायचं, इंजिन चौकटीत घट्ट बांधून तासन् तास जागच्या जागी पळवायचं, तीन पोलादी गोळ्यांवर चौथी दाबून फिरवायची आणि गोळ्यांवर पडलेला ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. पीएचडी झालेली माणसं यात आयुष्य घालवतात. शहरात गाडीच्या तेलाचा निकाल मात्र तिथे लागत नाही. तो लागतो एनआयटी या औद्योगिक वसाहतीच्या एखाद्या गल्लीत, बनियनचा मूळ रंग इतिहासजमा झालेल्या उस्तादच्या अंगठ्यात आणि तर्जनीत. उस्ताद ऑइलची पट्टी ओढतो, टोकाचा थेंब दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो, क्षणभर आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "भाईसाहब, तेल तो मर गया."

हे तो अशा आवाजात म्हणतो की आपण नकळत डोक्यावरची टोपी काढावी.

वास्तविक तेल काळं झालं म्हणजे ते मेलं असं नसतं. इंजिन ऑइलमध्ये मळ सुटा करून धरून ठेवणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनातली काजळी त्यांनी पोटात घेतली की तेल काळं दिसतं, म्हणजे बिचारं आपलं काम करत असतं. हजारो किलोमीटर चालून सोन्यासारखं पिवळंधमक राहिलेलं तेलच खरं संशयास्पद. पण हे उस्तादला सांगायला जीभ वळत नाही. त्याच्या हातात पाना असतो आणि आपली गाडी त्याच्या खड्ड्यावर असते.

पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अबकी बार सिंथेटिक डलवा लो."

एवढं कानावर पडायचा अवकाश, की गॅरेजात सभा भरते. या शहराने एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर बांधले, टायर बनवले, हजार प्रकारचे सुटे भाग दिल्लीला पुरवले. त्यामुळे इथे इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. पंक्चरसाठी थांबलेला स्कूटरवाला सांगतो, सिंथेटिक फार पातळ असतं, "बिलकुल पानी". खाटेवर बसलेले एक ताऊ सांगतात, ते सील फाडतं, त्यांच्या साडूच्या जीपचे फाडले होते. चहा घेऊन आलेला पोरगा सांगतो की एकदा सिंथेटिक टाकलं की परत साध्यावर येता येत नाही. आणि सेक्टरातले एक निवृत्त अधिकारी, हवा भरायला म्हणून आलेले, इंग्रजीत सांगतात की हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. उस्ताद कुणालाच खोडत नाही. गिऱ्हाईक गोंधळलं की शेवटी आपल्याकडेच बघतं, हे त्याला अनुभवाने माहीत असतं.

मी अशा वेळी घरी फोन करतो. घरून प्रश्न येतो, "अहो, गाडी चालतेय ना?" चालतेय, असं सांगावं लागतं. "मग?" या 'मग'ला सेक्टर १३ मध्येही उत्तर नसेल. तेलाच्या बाबतीत आमच्या घराचं धोरण फार जुनं आहे. हरियाणात येऊन इतकी वर्षं झाली, तरी फोडणीला सरसोंचं तेल चढलेलं नाही. नागपूरहून येणारा प्रत्येक नातेवाईक काय आणू असं विचारतो आणि त्याला जवसाचं किंवा शेंगदाण्याचं सांगितलं जातं. ज्या घरात कढईतलं तेल बदलायला एक पिढी जाते, तिथे इंजिनातलं तेल उभ्या उभ्या कसं बदलणार?

आता त्या सभेतल्या एकेका मुद्द्याकडे वळू, कारण गंमत अशी की एक सोडला तर त्यातला कुठलाही मुद्दा अगदी हवेतून आलेला नाही.

पातळपणाचं आधी. डब्यावर जे ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं, त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती वाहतं ते सांगतो, नंतरचा शंभर अंशांना किती दाट राहतं ते. जुन्या गाड्यांच्या साध्या तेलाचा नेहमीचा आकडा २०डब्ल्यू-४०, आणि सिंथेटिक म्हणून जे पुढे येतं ते बहुतेक ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२०. प्रमाण असं सांगतं की ५डब्ल्यू तेल असलेलं इंजिन उणे तीस अंशांतही फिरवता आलं पाहिजे. २०डब्ल्यूला उणे पंधरा पुरतात. दुकानदार हेच आपल्या भाषेत सांगतो, "कश्मीर में भी एक सेल्फ में स्टार्ट." आता फरीदाबादची थंडी वाईट असते हे खरं. जानेवारीत धुक्यात समोरचा ट्रक दिसत नाही, पहाटे पारा चार-पाचावर येतो, माणसं टायर जाळून शेकतात. पण उणे तीस? उणे पंधरासुद्धा? मला गाडी घेऊन काश्मीरला जायचं नसतं, सेक्टर १५ च्या बाजारातून मेथी आणायची असते. थंडीच्या मुद्द्यावर आम्हाला सिंथेटिक विकणं हे रत्नागिरीला रजई विकण्यापैकी आहे. पाच अंशांच्या पहाटे पातळ तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत थोडं लवकर पोचतं, एवढा फायदा मात्र मान्य करायला हवा.

खरा फायदा आहे तो दुसऱ्या टोकाला, आणि तो आमच्या दुकानदाराच्या तोंडी येत नाही. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते तिच्यात मागच्या बाजूला 'खडतर वापर' नावाचं एक कलम असतं. अशा वापरात तेल लवकर बदला, असं तिथे म्हटलेलं असतं. खडतर वापर कोणता? धुळीचे रस्ते. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या. थांबत-थांबत चालणारी वाहतूक. इंजिन चालू ठेवून उभं राहणं. कडक ऊन. हा मजकूर वाचून मी आधी चपापलो. बदरपूरपासून बल्लभगढपर्यंतच्या मथुरा रोडचं इतकं हुबेहूब वर्णन जपानात बसून कुणी कसं केलं असेल? मे महिन्यात पंचेचाळीस अंश, वरून आंधी, अरावलीकडून येणारी धूळ, बाटा चौक ते नीलम चौक पहिल्या-दुसऱ्या गियरचा प्रवास. त्यात पुढचा गाडीवाला मधल्या लेनमध्ये थांबून, काच खाली करून, शेजारच्या गाडीतल्या मेहुण्याची विचारपूस करतो. अशा वेळी किलोमीटरचा काटा हलत नाही, पण तेल आत तापत असतं. साधं तेल अशा तापात लवकर वाफाळतं, हवेशी संयोग पावून दाट होतं, आणि त्याचा डांबरासारखा गाळ बसतो. सिंथेटिकचे रेणू आकाराने बरेच सारखे असतात, ते तापाला जास्त वेळ टिकतात. म्हणजे हे तेल विकायचं तर डब्यावर बर्फाच्छादित शिखराऐवजी अजरौंदा मोडवरची संध्याकाळ छापायला हवी.

सीलचं प्रकरण त्याहून जुनं आहे. इंजिनात काय ओतावं याचे प्रयोग माणसाने फार केले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत चक्क एरंडेल घालत. त्या वेळची फिरत्या इंजिनांची विमानं ते जळकं एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडवत आणि परिणामी वैमानिकांची पोटं बिघडत असं सांगतात. कॅस्ट्रॉल या नावात जो कॅस्टर आहे तो हाच. आपल्या पिढीला रविवारी सकाळी नाक दाबून जे पाजलं गेलं, त्यावर एके काळी साम्राज्यांची आकाशातली युद्धं झाली, ही माहिती लहानपणी मिळाली असती तर निदान थोड्या अभिमानाने प्यायलो असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे खनिज तेल अपुरं आणि समोर रशियाची थंडी, म्हणून त्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी वंगण कारखान्यात घडवायला घेतलं. पुढे विमानांच्या जेट इंजिनांना ते लागलंच. सामान्य माणसाच्या मोटारीसाठी मोबिल १ अमेरिकेत १९७४ साली आलं. आणि त्या सुरुवातीच्या तेलांनी खरोखरच काही गाड्यांचे सील आकसवले. गळती झाली, बोभाटा झाला. मग कंपन्यांनी तेलात सील फुगते ठेवणारे घटक मिसळले आणि तो प्रश्न मिटला. प्रश्न मिटल्याची बातमी मात्र पन्नास वर्षांत एनआयटीपर्यंत पोचलेली नाही. ताऊंच्या साडूची जीप कुठल्या सालची होती, हे विचारायला मी धजावलो नाही.

तरीही इथे ताऊंची बाजू घ्यायला हवी. दीड लाख किलोमीटर पळालेलं, आयुष्यभर स्वस्त तेलावर वाढलेलं इंजिन असेल तर त्याचे सील आधीच झिजलेले असतात आणि जागोजागी साचलेला गाळच कधी कधी बूच बनून बसलेला असतो. नवं, चांगलं धुणारं तेल घातलं की तो गाळ सुटतो आणि खाली फरशीवर रांगोळी दिसू लागते. सिंथेटिकने सील फाडला असं नसतं, फाटलेला होता तो उघडकीस आणला. पण गाडीच्या मालकाला हा भेद समजावत बसण्यापेक्षा "मत डलवाओ" म्हणणं सोपं. अशा म्हाताऱ्या गाडीत महागडं तेल घालू नये हा त्यांचा सल्ला मला शंभर टक्के पटतो. त्यांचं कारण चुकीचं आहे, एवढंच.

परतीचे दोर कापले जातात हे मात्र साफ खोटं. साधं, सिंथेटिक, दोन्ही एकमेकांत मिसळतात. तशी मिसळायलाच हवीत अशी मानकांची अट आहे. आज हे, उद्या ते, परवा पुन्हा हे, इंजिन हरकत घेत नाही. अर्धवट सिंथेटिक म्हणून जे मिळतं ते दुसरं काय असतं? त्यात अर्धं म्हणजे नेमके किती टक्के, हे डब्यावर लिहिलेलं मला तरी आजवर दिसलेलं नाही.

आता त्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या कारस्थानाकडे. त्यांना माहीत नसेल, पण त्यांच्या हातात एक चांगला पुरावा आहे. सिंथेटिक म्हणजे प्रयोगशाळेत रेणू जोडून बनवलेलं, अशी मूळ समजूत होती. १९९० च्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या अमेरिकेतल्या सिंथेटिक तेलात घडवलेल्या तेलाऐवजी खनिज तेलच, पण हायड्रोजनच्या जोरदार दाबाखाली पूर्ण उलटंपालटं करून शुद्ध केलेलं, वापरायला सुरुवात केली. मोबिलने जाहिरातींच्या वादांचा निवाडा करणाऱ्या तिथल्या संस्थेकडे तक्रार केली. १९९९ साली निकाल लागला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूने. असं तेल सिंथेटिक म्हणून विकायला हरकत नाही. तेव्हापासून जगातल्या दुकानांत 'फुल्ली सिंथेटिक' म्हणून जे मिळतं त्यातल्या पुष्कळशा तेलाची आई तीच, जमिनीतून निघालेलं कच्चं तेल. माझं म्हणणं विचाराल तर यात फसवणूक नाही. ते तेल खरोखरच उत्तम असतं आणि साध्या तेलाच्या पुष्कळ पुढे असतं. पण डब्यावरच्या मोठ्या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने हे ठाऊक ठेवावं. कच्च्या तेलाशी तर आमचा शेजारच आहे. उत्तरेला पानिपत, जिथे १९९८ मध्ये रिफायनरी आली. दक्षिणेला मथुरा, जिथे ती १९८२ पासूनच आहे. दोन्ही इंडियन ऑइलच्या. पानिपतचं नाव काढलं की मराठी माणूस जरा गंभीर होतो, पण माझ्या गाडीत येणारं पेट्रोल बहुधा तिथूनच येत असावं. १७६१ चा तेवढाच काहीसा परतावा, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसत नाहीत.

आणि तरी हे सगळं तेलपुराण फरीदाबादेत एका वेगळ्याच जागी येऊन आपटतं. सिंथेटिकचा सगळ्यात मोठा दावा काय? इंजिनाचं आयुष्य वाढतं. पण आमच्याकडे गाडीचं आयुष्य इंजिनावर अवलंबून नसतं. ते जन्मतारखेवर असतं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कारवाईला लगाम घातला, आणि गाडीवाले पुन्हा वर्तमानपत्र उघडून आधी तेच पान बघायला लागले. मुद्दा एवढाच की इथे गाडीची तब्येत ठणठणीत असणं हा बचाव नाही. तिच्या पिस्टनवर ओरखडा नाही, धूर नाही, आवाज नाही, आणि तरीही तिला निवृत्तीचं पत्र येऊ शकतं. त्या निवृत्त अधिकाऱ्यांना यात काही विनोदी वाटत नाही. ते स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी ठणठणीत होते.

मग जास्त आयुष्याचं तेल घालून उपयोग कुणाला? माझ्या नागपूरच्या पुतण्याला. एनसीआरमधल्या वयात आलेल्या गाड्या ना हरकत दाखला घेऊन परराज्यात जातात, आणि महाराष्ट्रात 'दिल्लीची गाडी' हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला एक स्वतंत्र, स्वस्त प्रकार मानला जातो. पुतण्या दिवाळीच्या फोनवर तब्येतीची चौकशी करतो. आधी माझ्या, मग गाडीच्या, आणि दुसरी चौकशी जास्त बारकाईने. "काका, ऑइल कोणतं टाकता? सिंथेटिकच टाकत जा बरं का. पैशांकडे पाहू नका." फरीदाबादची एचआर ५१ ची पाटी सीताबर्डीच्या सिग्नलवर त्याला आत्तापासून दिसते आहे.

उस्तादच्या आग्रहाला मात्र याहून ऐहिक कारण असू शकतं. पुष्कळ कंपन्या मेकॅनिकने आपलंच तेल सुचवावं म्हणून त्याच्यासाठी कूपनं, बक्षिसं ठेवतात. त्यामुळे एखाद्या महिन्यात सगळ्या गल्लीचा एकाच डब्यावर जीव जडतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्यावर. याबद्दल माझी तक्रार नाही. शास्त्रज्ञाला पगार मिळतो, दुकानदाराला नफा मिळतो, हात काळे करणाऱ्यालाच काही मिळू नये असं कुठे आहे? फक्त निदान आणि औषध एकाच खिशातून येतंय एवढं लक्षात असावं.

शेवटी मी सिंथेटिक घातलं. साध्या तेलाच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. पुढचा बदल मात्र पाच हजारांऐवजी दहा हजार किलोमीटरांवर किंवा वर्षाने, जे आधी येईल ते, म्हणजे गणित जवळपास फिटतं. फरक काय पडला? उस्तादने इंजिन चालू करून डोळे मिटले आणि म्हणाला, "मक्खन!" ताऊ म्हणाले, आवाज अर्धा झाला. स्कूटरवाल्याला पिकअप वाढलेला दिसला, गाडी तेव्हा उभी होती. मला काहीही ऐकू आलं नाही. घरी विचारलं गेलं, "एवढे पैसे दिले, ते दिसतात कुठे?" चांगल्या तेलाचा घोळच हा आहे, की काहीही न होणं हेच त्याचं काम. जे झिजलं नाही ते दाखवायचं कसं?

यातलं सगळ्यात विनोदी प्रकरण असं की उत्तर पहिल्यापासून गाडीतच होतं. समोरच्या कप्प्यात, पोल्युशनचा जुना दाखला, वैष्णोदेवीच्या प्रसादाची पुडी आणि न चालणारं पेन यांच्याखाली, प्लास्टिकच्या मूळ पिशवीतून कधी बाहेरच न आलेली ती पुस्तिका. तिच्यात तापमानाचा तक्ता असतो, कोणत्या आकड्याचं तेल, कोणत्या दर्जाचं, किती लिटर, सगळं दिलेलं असतं. जुन्या गाड्यांच्या पुस्तिका बहुधा आकडा आणि दर्जा सांगून थांबतात, साधं की सिंथेटिक याचा धर्मयुद्धाइतका आग्रह त्यांना नसतो. नव्या गाडीत ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर सिंथेटिकशिवाय गत्यंतर नसतं, मग सभा भरवायचं कारणच उरत नाही.

तेव्हा मथुरा रोडवर असा की मुंबई-पुणे रस्त्यावर, आधी ती पुस्तिका काढा. रोज ट्रॅफिकमध्ये उभे राहत असाल, गाडी टर्बोची असेल, किंवा वर्षभर तेलाकडे बघायचा कंटाळा असेल, तर त्याच आकड्याचं सिंथेटिक खुशाल घाला. गाडी पंधराच्या उंबरठ्यावर असेल तर साधं घाला, पण वेळेवर बदला. फिल्टर बरोबरच बदलून घ्या, तिथे शे-दोनशे वाचवू नका. डब्याचं झाकण आपल्यासमोर उघडायला लावा. काढलेलं काळं तेल गटारात जाऊ देऊ नका. ते कायद्याने घातक कचरा आहे, आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. आणि उस्तादने गोड आवाजात "डब्बा यहीं छोड़ दो" म्हटलं, तर त्याचा पेचकस मागून घ्या, डब्याच्या बुडाला एक भोक पाडा आणि मग आनंदाने सोडून या. नाहीतर तोच डबा, तेच लेबल आणि भलतंच तेल घेऊन पुढच्या वर्षी तुमच्याच गाडीसमोर उभा राहील.